गाडीतलं बोलणं

मटरचा सीझन लागला की शहपुऱ्याहून जबलपूरला जाणारा रस्ता कोणाच्या बापाचा राहत नाही. शेंगांच्या गोण्यांनी तट्ट भरलेल्या ट्रॉल्या मधोमध हलतडुलत चालतात, मागचा कितीही हॉर्न वाजवो. अश्वजीत रामटेके त्या रस्त्यानं डेअरीचा दुधाचा टँकर चालवायचा. शहपुऱ्याच्या आसपासच्या गावांतलं सकाळचं दूध गोळा करायचं, भेडाघाटचं वळण मागं टाकून प्लांटवर रिकामं करायचं आणि दुपारी मोकळी गाडी घेऊन गावात परत यायचं. टँकर रात्री त्याच्या दारातच उभा असायचा. इतक्या वर्षांत त्यानं कुणाला खरचटू दिलं नव्हतं.

त्या सीझनच्या तोंडावर गाडीत यंत्र बसलं. इंदूरहून एक फिटर आला. त्यानं स्टिअरिंगखाली साबणाच्या वडीएवढा काळा डबा ठोकला, आणि समोरच्या काचेवर, आरशाच्या बाजूला, एक छोटा कॅमेरा चिकटवला. डबा गाडी किती पळाली, ब्रेक कुठं दाबला, कुठं थांबली, हे सगळं नोंदवणार होता. कॅमेऱ्याचं तोंड आतल्या बाजूला होतं. अश्वजीतनं विचारलं, की बाहेरचा रस्ता याला कसा दिसणार? फिटर हसला. म्हणाला, बाहर क्या रखा है भैया, ये तो आपको देखेगा.

प्लांटचे मॅनेजर श्रीकांत देव चहाचा कप घेऊन बाहेर आले होते. ते नेपियर टाउनात राहणारे, मराठी बोलणारे. त्यामुळे डेअरीत अश्वजीतला त्यांचा थोडा आधार वाटायचा. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की हे तुमच्याच भल्याचं आहे, उद्या कोणी ठोकलं तर तुमच्या बाजूनं साक्ष द्यायला हेच उभं राहील. अश्वजीतला ते पटलं. कागदावर दाखवलं तिथं त्यानं सही केली.

आता यंत्राची अडचण नव्हती. अडचण होती ती अश्वजीतच्या देहाची. पावसाळ्यापासून त्याला सारखी तहान लागायची आणि सारखी लघवीला लागायची. दोन गावं गेली नाहीत की ओटीपोट फुगायचं. पहिल्यांदा त्यानं मनाची समजूत घातली, की हवा गार आहे, चहा जास्त होतोय. पण आत कुठंतरी त्याला माहीत होतं. त्याची आई, सुमनबाई, साखरेनंच गेली होती. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटी शेवटी ती खाटेवर बसून नसलेला पाय खाजवायला हात न्यायची. तेव्हापासून त्या घरात साखरेच्या आजाराचं नाव कोणी काढत नव्हतं. नाव काढलं की त्याच्या म्हाताऱ्या बापाच्या, मोतीरामच्या, तोंडचा घास अडायचा. म्हणून अश्वजीतनं तपासणी केली नाही. तो गाडी थांबवायचा, झाडाआड जायचा, परत येऊन बसायचा, आणि गप्प राहायचा.

यंत्र आलं, आणि ते झाडाआड जाणं मोजलं जाऊ लागलं. गाडी थांबली रे थांबली की ऑफिसातून विक्कीचा फोन. विक्की म्हणजे गाड्यांची वेळ बघणारा पोरगा, बापाचं घर नागपूरकडचं, पण स्वतः हिंदीतच बोलणारा. "भैया, गाड़ी क्यों रुकी?" कधी अश्वजीत म्हणायचा टायर बघतोय, कधी म्हणायचा ट्रॉल्यांनी रस्ता अडवलाय. असं किती दिवस सांगणार? मग तो दाबून धरू लागला. मांड्या आवळून, दात खाऊन, पुढच्या गावच्या दूध केंद्रापर्यंत. खड्ड्यात चाक गेलं की पोटात सुरी फिरल्यासारखी कळ यायची. थंडीच्या दिवसांत त्याच्या कपाळावर घाम यायचा, आणि तो पुसायला हात वर केला की यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणायची, कृपया सामने देखें. मग त्यानं पाणीच सोडलं. जीभ लाकडासारखी व्हायची, ओठांना भेगा पडल्या. बाटली शेजारी भरलेली असायची, आणि तो तिच्याकडे बघत गाडी हाकायचा.

चिंतामणी नावाचा दुसरा एक टँकरवाला होता, वयानं मोठा. त्यानं कॅमेऱ्याच्या डोळ्यावर चुना फासला. दुसऱ्याच दिवशी त्याला सगळ्यांसमोर ओल्या फडक्यानं तो पुसायला लावला. पुसताना तो हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

पुढच्या आठवड्यात मीटिंग झाली. भिंतीवरच्या टीव्हीवर श्रीकांत साहेबांनी रस्त्याचा नकाशा लावला. प्रत्येकाची गाडी जिथं जिथं विनाकारण थांबली होती तिथं तांबडा ठिपका. चिंतामणीच्या रस्त्यावर तुरळक ठिपके होते. अश्वजीतचा रस्ता गोवर उठल्यासारखा दिसत होता. त्याला एकेक ठिपका ओळखू येत होता. हे मोहाचं झाड, ही नाल्यावरची पुलिया, ही वीटभट्टीची मागची बाजू. खोलीत कोणीतरी म्हणालं, इतने में तो आदमी पैदल पहुँच जाए, आणि सगळे हसले. अश्वजीतही हसला. न हसून काय करणार?

ते हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच आठवड्यात त्याच्या टँकरमधलं दूध प्लांटवर पातळ निघालं. केंद्रांवर जे भरलं ते आणि प्लांटवर जे उतरलं ते जुळेना. मग त्या ठिपक्यांचा अर्थच बदलला. श्रीकांत साहेबांनी त्याला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, की तो रोज त्या ठरावीक जागी कोणाला भेटतो. दूध कोण काढून घेतो, पाणी कोण घालतो.

"कोणालेच नाही भेटत साहेब," अश्वजीत म्हणाला.

"मग थांबतोस कशाला?"

सांगायचं तर एका शब्दाचं काम होतं. तो शब्द त्याच्या तोंडाशी आलाही. पण तो बोलला की पुढचा शब्द साखर, आणि साखर म्हटलं की गाडी गेली. गाडी गेली तर तो कोण उरतो? तो म्हणाला, कॅमेरा आहे ना साहेब, त्यात बघून घ्या. साहेब म्हणाले, कॅमेऱ्यात तू उतरताना दिसतोस, उतरून कुठं जातोस ते दिसत नाही. इंदूरच्या मुख्य ऑफिसवाले पोलिसांत द्यायचं म्हणून राहिले आहेत, मीच त्यांना थांबवून धरलंय. विचार कर, आणि सांग.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. पण एकताला सांगावं लागत नव्हतं. ती त्याची बायको, सडपातळ, भरभर चालणारी, सीझनमध्ये मटर तोडायला जाणारी. सासूचं सगळं दुखणं तिनंच काढलं होतं. मोरीच्या कडेला, त्याच्या लघवीच्या जागी, मुंग्यांची रांग तिनं सकाळी पाहिली होती, आणि त्या मुंग्या तिनं आधीही एकदा, सासूच्या वेळी, पाहिल्या होत्या. ती अंगणात शेणाचा हात धूत म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊ. बाबांले काही सांगू नका."

त्यानं वाद घातला नाही. साहेबांना मात्र फोन करून म्हणाला, की बायकोला बरं नाही, डॉक्टरला दाखवायचंय, तेवढं गाडीत बसवून आणू द्या. साहेबांनी परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी एकता टँकरमध्ये बसली. कॅमेरा दाखवल्यावर तिनं पदर डोक्यावर घेतला, आणि फोटोला बसावं तशी ताठ बसली. प्लांटवर दूध उतरवून त्यांनी ऑटो केला आणि नेपियर टाउन गाठलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रक्त काढलं, पाय बघितले, बोटांच्या बेचक्यांत टॉर्च मारला. साखर फार होती, आणि बऱ्याच दिवसांची होती. मग त्यांनी एकताला बाहेर बसायला सांगून अश्वजीतला आणखी काही विचारलं. मान खाली घालून त्यानं हो म्हटलं. बाई म्हणाल्या, तेही याच्यामुळंच असतं, लाजू नका, औषधानं फरक पडेल. पायांना जपा, ओले ठेवू नका. मग एकतालाही आत बोलावून त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं.

परतीच्या वाटेवर गाडी मोकळी होती. ट्रॉल्या मंडीत गेल्या होत्या, रस्ता रिकामा होता.  भेडाघाटचं वळण गेल्यावर एकता समोर बघतच बोलू लागली. कॅमेरा नुसता बघतो, एवढंच दोघांना माहीत होतं. आणि ती तर घरच्या बोलीत बोलत होती, जी त्या रस्त्यावर कोणालाच कळत नव्हती.

"म्हणजे ते बी या साखरेमुळंच होतं," ती म्हणाली.

त्यानं गिअर बदलला.

"मले वाटे, मीच नकोशी झाली तुमाले. पाठ करून झोपता, हात लावला तर झोपेचं सोंग घेता. वर्ष होऊन गेलं जी. मी मनात काय काय आणलं, कोणाकोणाचं नाव आणलं. त्या केंद्रावरच्या बाईचं बी आणलं. एक डाव सांगतलं असतं तर काय झालं असतं?"

"काय सांगू?" तो म्हणाला. "माणूस उरलो नाही म्हणून सांगू?"

"वेडे आहात," ती म्हणाली, आणि तिनं समोर बघतच गिअरवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला.

अश्वजीतला रडू आलं. आई गेली तेव्हा आलं नव्हतं तसं. डोळे भरून रस्ता दिसेना, त्यानं मान खाली घातली, तर यंत्रातली बाई लगेच म्हणाली, कृपया सामने देखें. एकता दचकली आणि मग फसकन हसली. तोही रडता रडता हसू लागला. मोहाच्या झाडापाशी, "लघवीले इथंच रोज थांबतो मी," म्हणत त्यानं गाडी थांबवली, विक्कीचा फोन वाजू दिला, आणि आरामात जाऊन आला. तिनं बाटली पुढं केली. तो घटाघटा पाणी प्याला.

त्यानंतरचे काही दिवस बरे गेले. गोळ्या सुरू झाल्या. घरात भाकर आली, चहातली साखर गेली, मोतीरामला सांगितलं की डॉक्टरनं पित्तासाठी सांगितलंय. आणि मग एका सकाळी श्रीकांत साहेबांनी त्याला बोलावलं. या वेळी ते हसत होते. त्यांनी खुर्ची दिली.

म्हणाले, तुझ्यावरचा आळ गेला. तू का थांबतोस ते आम्हाला कळलं. अरे, आधीच नाही का सांगायचं?

अश्वजीतला वाटलं डॉक्टरीणबाईंनी फोन केला असेल. साहेबांनी मोकळेपणानं सांगितलं. इंदूरवाल्यांनी त्याच्या गाडीतलं त्या आठवड्याचं सगळं काढलं होतं, चित्र आणि आवाज. चित्रात एक बाई बसलेली दिसली. चोरीत बायकोही सामील आहे की काय, म्हणून त्यांनी आवाज ऐकला. पण भाषा कळेना. तेव्हा त्यांनी प्लांटवर पाठवलं. साहेबांनी स्वतः बसून ऐकलं, आणि फोनवर इंदूरच्या मोठ्या साहेबांना वाक्यावाक्याचं हिंदी करून सांगितलं.

"सगळं?" अश्वजीतनं विचारलं.

"तुझ्यासाठीच केलं ना. नाहीतर आज तू ठाण्यात असतास."

साहेबांना खरंच वाटत होतं की त्यांनी उपकार केलेत.  गाडीत आवाज जातो हे कोणी सांगितलं नव्हतं, असं अश्वजीत म्हणाला. साहेब म्हणाले, सही केली त्या कागदात होतं. मग ते थोडे गंभीर झाले. साखरेच्या माणसाला टँकरवर ठेवता येत नाही, वरून तसा हुकूम आलाय. साखर उतरेपर्यंत क्रेट धुवायच्या कामावर राहा. टँकर चिंतामणीच्या पुतण्याकडे देतोय. नोकरी जात नाही, हे काय कमी आहे?

तो बाहेर आला. क्रेट धुवायच्या हौदाशी विक्की आणि दोन हमाल उभे होते. विक्की त्याच्याकडं बघून म्हणाला, "क्यों भैया, भाभी नकोशी हो गई थी क्या?"

'नकोशी'. हिंदीच्या मधोमध तो एक शब्द त्यानं तसाच ठेवला होता. हमालांना शब्दाचा अर्थ कळला नसावा, पण गोष्ट आधीच कळलेली होती, कारण ते हसले. अश्वजीतच्या हाताच्या मुठी वळल्या. मग त्या सुटल्या. त्याला मारण्याइतकी ताकदच त्या क्षणी अंगात नव्हती. तो गमबूट शोधायला गेला. त्याच्या मापाचे नव्हते.

क्रेट धुणं म्हणजे दिवसभर पाण्यात उभं राहणं. सोड्याचं गरम पाणी वरून, गार पाणी खाली. फाटक्या गमबुटात पाणी शिरायचं आणि संध्याकाळी पाय बाहेर काढले की बोटं उकडलेल्या शेंगांसारखी पांढरी, सुरकुतलेली. घरी बसनं यायला उशीर व्हायचा. दारात टँकर का नाही, हे त्यानं एकताला आणि बापाला सांगितलं, गाडी दुरुस्तीला आहे म्हणून.

पण गावात दूध केंद्र होतं, केंद्रावर डेअरीचा माणूस यायचा, आणि बातमीला गमबूट लागत नाहीत. मोतीराम पारावरून घरी आला तो काठी आपटत. म्हातारा रेल्वेत गँगमन होता, उभा जन्म रुळावर गेलेला, आवाज अजून खणखणीत.

"गावाले माहीत हाय तुले साखर हाय म्हणून," तो म्हणाला. "बापाले नाही."

अश्वजीतनं मान खाली घातली.  म्हाताऱ्यानं वाकून लेकाचा पाय हातात घेतला, बोटं फाकवून एकेक बेचका पाहिला, आणि आपल्या खांद्यावरच्या पंच्यानं कोरडा केला. मग तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

एकतालाही बातमी लागली होती, तीही मटरच्या शेतात. बरोबरच्या बायका शेंगा तोडता तोडता एकमेकींकडं बघत होत्या, आणि ती जवळ गेली की गप्प होत होत्या. शेवटी एकीनं हसत विचारलं, की तुझा नवरा आता रात्री तोंड तुझ्याकडं करतो की नाही. एकता कमरेत वाकलेली होती, तशीच राहिली. घरी आल्यावर तिनं अश्वजीतला एकच विचारलं, की हे कसं झालं. त्यानं सगळं सांगितलं. हिंदी करून सांगितलं, तेही सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. रात्रभर कूस बदलत राहिली.

सकाळी तो बसनं निघाला, आणि त्याला न सांगता ती पुढच्या बसनं निघाली. तो हौदात पाय घालून उभा असताना त्याला ती प्लांटच्या फाटकातून येताना दिसली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. तो हातातला क्रेट टाकून मागं धावला, पण ती ऑफिसात शिरली होती. तो दारातच थांबला, पायांतून पाणी गळत.

श्रीकांत साहेब उठून उभे राहिले. वहिनी बसा, म्हणाले. ती बसली नाही. ती म्हणाली, ते बोलणं पुसून टाका. साहेब म्हणाले, ते इथं नाहीच, इंदूरला आहे, तिथून कुठं ठेवलं जातं ते मलाही माहीत नाही, माझ्या हातात काही नाही. तिनं विचारलं, कोणी कोणी ऐकलं. साहेब म्हणाले, कामापुरतं, मी आणि मोठे साहेब. टेबलामागं विक्की बसला होता. तो स्क्रीनकडे बघत राहिला.

"मग याले कसं माहीत?" एकता म्हणाली.

साहेबांनी कबूल केलं, की आवाज स्पीकरवर लावला होता. फोन एका हातात होता, दुसरा मार्ग नव्हता. झालं ते वाईट झालं, मी माफी मागतो, म्हणाले. पण वहिनी, त्याच्यामुळं तुमचा नवरा चोरीतून सुटला, हेही बघा.

"बघितलं," ती म्हणाली. "आता तुम्ही एक करा साहेब. तुमची घरवाली तुमाले घरात जे बोलते, दार लावून, ते एक वाक्य सांगा. एकच. या पोराले हिंदी करून सांगा, माझ्यासमोर. मग आपला हिशेब बरोबर झाला, मी चालली जाईन."

 साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचा चेहरा आधी रागानं ताठला, मग तो राग कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. त्यांनी विक्कीकडं पाहिलं. विक्की उठून बाहेर जाऊ लागला. एकता म्हणाली, बस तू, तुलेच तर सांगायचं आहे. तो बसला.

बराच वेळ ती उभी राहिली.  मग ती वळली, दारात उभ्या नवऱ्याच्या बाजूनं गेली, आणि फाटकाबाहेर जाऊन बसची वाट बघत उभी राहिली.

त्या दिवसानंतर साहेब अश्वजीतला दिसले की खिशातला फोन काढून कानाला लावायचे. विक्कीनं पुन्हा तो शब्द उच्चारला नाही. याच्यापलीकडं काही बदललं नाही. क्रेट तेवढेच, पाणी तेवढंच, आणि इंदूरला ते बोलणं जिथं कुठं ठेवलं होतं तिथं ते होतंच. पातळ दुधाचं काय झालं ते कधी निघालं नाही. अश्वजीतला सगळ्यात जास्त चीड याची यायची, की कोणावर चिडावं हेच ठरत नव्हतं. साहेब वाईट नव्हते. विक्की पोरगाच होता. यंत्र तर यंत्र. मग हा जाळ पोटात घेऊन माणसानं जावं कुठं? एकतावरही त्याला राग होता, ती न सांगता गेली म्हणून. ती बरोबर बोलली होती म्हणून तर जास्तच.

थंडी ओसरायला लागली, तशी त्याची साखर उतरली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासून लिहून दिलं, की गोळ्या वेळेवर घेतल्या तर गाडी चालवायला हरकत नाही. पायाच्या बेचक्यात मात्र एक चीर पडली होती, ती पाहून त्या रागावल्या. पाण्यातलं काम आजच्या आज सोडा, म्हणाल्या.

साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांना हायसं वाटलं. चिंतामणीच्या पुतण्यानं दोनदा टँकर नाल्यात घातला होता, वरून विचारणा होत होती. त्यांनी ड्रॉवरमधून किल्ली काढून स्वतः अश्वजीतच्या हातात दिली. चलो, झालं गेलं गंगेला मिळालं, म्हणाले.

अश्वजीत टँकरमध्ये चढला. सीट पुतण्याच्या उंचीची झाली होती, ती त्यानं मागं सरकवली. स्टिअरिंगवर हात ठेवले. किती दिवसांनी हाताला ते कातडं लागलं. त्यानं किल्ली फिरवली, आणि बाई बोलली, नमस्कार, आपकी यात्रा शुभ हो. त्यानं गाडी बंद केली. खाली साहेब उभे होते.

"साहेब, चेहरा पाहा," तो म्हणाला. "थांबलो ते मोजा. आवाज तेवढा बंद करा."

साहेब म्हणाले, तसं करता येत नाही. सगळ्या गाड्यांना एकच आहे, तुझ्या एकट्यासाठी कोण बदलणार? तू बोलू नकोस ना गाडीत, झालं.

अश्वजीत थोडा वेळ तसाच बसला. ब्रेकवर पाय ठेवून, काचेतून बाहेर बघत. प्लांटच्या भिंतीपलीकडून मटरच्या शेवटच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. मग तो उतरला. किल्ली त्यानं साहेबांच्या हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली. हौदाशी जाऊन गमबूट उलटे करून झटकले, आपल्या चपला घातल्या आणि फाटकातून बाहेर पडला. मागून साहेबांनी हाक मारली. एकदाच मारली.

घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. मोतीराम अंगणात खाटेवर होता. एकता मटरच्या वाळल्या वेलांचा भारा म्हशीपुढं टाकत होती. बस इतक्या लवकर कशी मिळाली, तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. ती हातातला भारा खाली ठेवून ऐकत राहिली.

"किल्ली दिली वापस?" ती म्हणाली. "काहून?"

"आवाज बंद करत नाही म्हणे."

"मग? नाही करत तर नाही करत. बोलायचं नव्हतं गाडीत. मुक्यानं चालवायची होती. इतके दिवस पाण्यात उभे राहिले ते कशासाठी? डॉक्टरणीचे पाय धरून चिठ्ठी आणली ती कशासाठी?"

"तू गेली होती तिथं तेव्हा मले विचारलं होतं?"

"माझं बोलणं होतं ते. माझ्या तोंडचं. मी गेली."

"आणि माझं नव्हतं?"

"तुमचं होतं तर तेव्हाच त्या पोराच्या कानाखाली काहून नाही वाजवली? आता किल्ली ठेवून आले मोठे. उद्या काय करणार? मटर बी संपला."

बोलता बोलता आवाज चढले. त्यानं आईच्या पायाचं काढलं. तिनं त्याच्या लपवाछपवीचं काढलं, गाडी दुरुस्तीला आहे म्हणाला त्याचं काढलं. तो म्हणाला, तुझ्या त्या वाक्यानं काय झालं, पुसलं गेलं का काही. ती म्हणाली, तुमच्या त्या किल्लीनं काय झालं ते सांगा. शेजारच्या घरातली बाई दारात आली, ऐकलं आणि आत गेली. म्हैस मान वर करून बघत होती. कित्येक आठवड्यांत त्या अंगणात इतकं मोठ्यानं कोणी बोललं नव्हतं. दोघं कुजबुजतच जगत होती, आणि कुजबुजताना निम्मं गिळून टाकत होती. आता गिळलेलं सगळं वर येत होतं. सुरुवातीच्या वर्षांतलं, सासरच्या एका लग्नातलं, कोणाच्या तरी बारशातलंसुद्धा. मोतीरामनं डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं, पण तो झोपला नव्हता. त्याचा पाय खाटेच्या कडेला हलत होता.

मध्येच अश्वजीत थांबला. त्यानं हात वर केला.

"थांब," तो म्हणाला. "आलो."

तो गोठ्यामागं गेला. एकता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. घाम आलेलं कपाळ तिनं दंडाला पुसलं, विस्कटलेला पदर सारखा केला. तो परत आला, रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, तांब्याभर प्याला, आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"हं," ती म्हणाली. "बोला आता."